दोन बोकड आणि लटारू वैद्य

इंद्राचं सिंहासन ज्यानं हलवलं, तपस्व्यांची तपं ज्यानं जाळली, तो मत्सर! मंडळी, त्याच्यावर त्रैलोक्यात औषध नाही! — दारूवर मात्र होतं. बोकडाला देत असत.

हसू नका! आधी सांगा — शेजाऱ्याचं भलं झालं की आपल्या पोटात का दुखतं? पलीकडच्या देवळातल्या बुवांनी नवा भोंगा लावलाय — मला काही वाटलं का? छे! तर ऐका.

मोहाच्या रानातलं गाव. वैद्य दोन — लटारू आणि डोमाजी, एकाच गुरूचे चेले. डोमाजीनं साली-मुळ्यांचा असा काढा केला, की तो पाजून बोकडाला मोहाची दारू द्या — बोकड डुलत नाही! सगळं गाव डोमाजीच्या अंगणात. लटारूच्या दारी? साधा खोकलासुद्धा फिरकेना! त्याला घास गिळवेना.

बायको भागिरथा म्हणाली, "अजी, वांगं बिघडलं काय?"

"वांगं चांगलं आहे वो. डोमाजीचंबी चांगलं आहे, तेच बिघडलं!"

ठरलं — चावडीवर परीक्षा! एका बोकडाला काढा, दुसऱ्याला पाणी, मग दोघांना मोहाची.

त्या सकाळी लटारूनं धीर यायला दोन पेले मारले. एका घोटात दारच्या कडुनिंबाला 'मामाजी' म्हणणारा माणूस हा! डोमाजीच्या ओट्यावरचा काढ्याचा तांब्या उचलला. पण ओतायचा कुठं? सारवलेल्या अंगणात डाग दिसेल! — स्वतःच गटागटा प्याला, आणि तांब्यात भरला तसाच दिसणारा काळा चहा.

चावडीवर काय झालं? दोन्ही बोकड आडवे!

"डोमाजी हरला!" लटारू चावडीच्या ओट्यावर ताठ उभा. भाषणच ठोकलं!

भागिरथा पुढं आली. नाक आक्रसलं. "अजी, तोंडाला मोहाचा वास... अन् तुमी उभे कसे?"

डोमाजीनं मान खाली घातली. म्हणाला, "काढा लई कडू झाला होता, नाही गा लटारू?"

"कडू? तुरट! हिरडा जास्त पडला तुया!"

...मंडळी, जीभ वैद्याची! चुकीची चव सोसवेना!

डोमाजीनं हात जोडले. "दोन बोकड पडले, गाववाले. तिसरं जनावर उभं आहे!"

दुसऱ्याला पाडायला गेला, आणि त्याच्याच गुणाची साक्ष देत उभा राहिला! तुमच्या-माझ्या पोटातला लटारू आजच बाहेर काढा. बोला, विठ्ठल विठ्ठल!

आणि हो — जाताना पलीकडच्या देवळात कुणीतरी जरा डोकावा. आपल्यापेक्षा जास्त माणसं बसलीत का, तेवढं मला सांगून जा.