भाकरीची साक्ष

संगमनेरच्या बसमध्ये सूर्यभान नव्या गॅस गिझरचं खोकं मांडीवर धरून बसला होता. पुढच्या सीटवरल्या दोघींचं बोलणं कानावर आलं.

“शेगडीच्याच बारक्या पाईपला गिझर जोडला हुता, सविता. गिझर पेटला की शेगडीचा जाळ निम्मा!”

“फिटर काय म्हनला, बनुमावशी?”

“म्हनला, शेगडीच जुनी हाय. मी त्याला पुढ्यात उभा केला, गिझर सोडला आन् तव्यावर भाकरी टाकली. फुगलीच न्हाई!”

“मग?”

“निमूट जाड पाईप टाकला. जोडांना साबनाचं पानी लावलं, गळतीचा एक बुडबुडा न्हाई! पुन्हा गिझर सोडला, पुन्हा भाकरी टाकली. अशी टम्म फुगली!”

“आन् फिटर?”

“त्यानंच खाल्ली की, ठेच्यासंगं!”

सूर्यभाननं घरी फोन लावला.

“अगं, फिटर आला का? बसव त्याला. आन् बाजरीचं पीठ काढून ठेव.”