क्षिप्रा काय म्हणते

अहो नाही हो, क्षिप्रा म्हणजे आमची सून नव्हे! बसा आधी — झोपाळ्यावर नको, त्याची कडी ढिली झालीय, इथे खुर्चीवर बसा. दारातच ह्यांनी तुमच्यापुढे हात जोडले ना, ‘काहीही करा, पण क्षिप्राला वाचवा’ म्हणून? आणि तुम्हाला वाटलं आत कुणी अंथरुणाला खिळलंय. कर्म माझं! तो समोर ठेवलाय ना लॅपटॉप, त्याच्या पोटात आहे ती. घोड्यांचा प्रोग्राम. रेसमध्ये कुठला घोडा पहिला येणार ते सांगते. आमचा पुतण्या अनीश पुण्याला असतो, दिवाळीत आला तेव्हा त्याने घालून दिला, नावही त्याचंच — क्षिप्रा म्हणजे म्हणे वेगाने धावणारी. आणि ह्यांनी ते असं उचलून धरलं की काही विचारू नका. उठले की चूळ भरायच्या आधी, ‘बघू, क्षिप्रा काय म्हणते.’ शेजारची केसर कुंपणावरून मला विचारते, ‘पद्माकाकू, तुमच्याकडे कोण आलंय हो राहायला?’ सवत, म्हटलं. ती हसत सुटली. मी काही हसले नाही.

काय झालं म्हणजे काय, बंद पडला. काल संध्याकाळपर्यंत चांगला चालू होता, आज सकाळी उघडतात तो काळा ठिक्कर. खारी हवा हो, दुसरं काय! समुद्र हा असा हाकेच्या अंतरावर, श्रीवर्धनात पंख्याची पाती टिकत नाहीत तिथे ह्या नाजूक बाईचं काय? — हो, उघडा ना, सगळं उघडा, मला काय विचारायचंय. तुम्ही आपलं तुमचं काम करा, मी सुपाऱ्या सोलत बसते इथे. हे नाहीत आत. फोन घेऊन विहिरीपाशी गेलेत, रेंज तिथेच येते मेली. सदूला कळवत असतील. सदू म्हणजे ह्यांचा मुंबईच्या ऑफिसातला जुना दोस्त, दर रविवारी महालक्ष्मीला रेसला जातो. हे इथून त्याला घोडा सांगतात, तो तिथे ह्यांच्या नावाने लावतो. थोडेसेच हो, भजी-चहाचे म्हणा. घर बुडवण्यातले नाहीत ते. तसं असतं तर मी गप्प बसले असते का?

दोनला सुरू होतात शर्यती. म्हणून ही धावपळ. पण तुम्ही घाई करू नका. रविवार आहे, दमाने करा. नाहीच झालं दोनपर्यंत तर नाही झालं — तुमच्यावर कोण रागावणार आहे? मी सांगते ना ह्यांना. जिंकते का? कोण, ती? — जिंकते हो. खोटं कशाला बोलू, पुष्कळदा जिंकते. आणि हरली तरी हे तिला चकार शब्द बोलत नाहीत. ‘तिचं बरोबरच होतं, जॉकीने घाण केली.’ ऐका! इतक्या वर्षांत आमटीत मीठ जास्त पडलं तर कधी म्हणाले का, की पद्माचं बरोबर होतं, मिठाने घाण केली? तिला मऊ फडक्याने पुसतात, तिला निजताना झाकतात, अलिबागहून तिच्यासाठी खास पिशवी आणली, आतून मखमल. माझ्या चष्म्याची काडी बघा ही. दोऱ्याने बांधलीय. दसऱ्यापासून म्हणतेय, अलिबागला जाताय तर तेवढी बसवून आणा. जळते मी तिच्यावर. हो, जळते! ह्या वयात, एका डब्यावर! हसा तुम्ही, मला काही वाटणार नाही.

तुम्ही म्हणाल, बाईला घोड्यांचं एवढं काय — तर घोड्यांचं मला काहीही नाही. घोडा पुढून कसा आणि मागून कसा, एवढंच कळतं. पण पूर्वी हे रविवारी मला विचारायचे. लग्न होऊन दादरला गेले ना, तेव्हापासून. सकाळचा चहा झाला की रेसचं पुस्तक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात यायचे, एक एक नाव वाचायचे आणि म्हणायचे, ‘पद्मा, कोण?’ मी पोळी लाटता लाटता नाव तोंडात घोळवून बघायची. नीट बसलं तर तो घोडा. एकदा एक होता, ‘लेट सपर’ नावाचा. म्हटलं म्हणजे काय, तर म्हणाले, उशिराचं जेवण. म्हटलं, मग त्याला कसली आलीय पळायची घाई! हे इतके हसले, चहा सांडला अंगावर. आणि लावला हो तोच, मी नको म्हटलेला सोडून — नाही, उलटं सांगतेय मी, मी नको म्हटलं म्हणून तो सोडला, आणि मेला तोच पहिला आला! पण मला काही बोलले नाहीत. माझे घोडे कुठले जिंकायला? क्वचित एखादा. हरला की म्हणायचे, ‘पद्मा, तुझा घोडा अजून पळतोच आहे.’ पण पुढच्या रविवारी परत दारात हजर. ‘पद्मा, कोण?’

आता हे तुम्हाला का सांगतेय मी? — सांगते. ह्या घरात मला दुसरं कधी काही विचारलं गेलं नाही. भाजी कुठली करायची ते सासूबाई ठरवायच्या. मुलीला कुठल्या शाळेत घालायचं ते ह्यांनी ठरवलं. बदली घ्यायची का नाही, जागा विकायची का नाही, रिटायर झाल्यावर इथे वाडीवर येऊन राहायचं — मला कळलं ते सामान बांधायला दोऱ्या आणल्या तेव्हा. वाईट नाहीत हो स्वभावाने, मारलं नाही, झोडलं नाही, तोंडातून वाकडा शब्द नाही. सुचतच नाही त्यांना. पण आठवड्यातून एकदा, त्या एका घोड्यापुरतं, माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. मी जे म्हणेन ते व्हायचं. तेवढं होतं माझं. आणि ते उचलून त्या टवळीला दिलं. दिवाळीपासून एकदाही विचारलेलं नाही.

मी आपण होऊन सांगितलं ना एकदा! गेल्याच रविवारी. लाज सोडून गेले, म्हटलं, अहो, मला तो पाच नंबरचा बरा वाटतो. तर माझ्याकडे बघितलं नाही, तिच्याकडे बघितलं. टकटक केलं आणि म्हणाले, ‘क्षिप्रा म्हणते, तुझ्या घोड्याला दोन टक्के.’ आणि हसले. दोन टक्के! परीक्षेला बसला होता का तो माझा घोडा? — आला शेवटून दुसरा, ते सोडा. ते नाही मला लागलं. ते हसणं लागलं. दादरला हसायचे ते माझ्याबरोबर. हे तिच्याबरोबर हसले, मला.

काय मिळालं? — बघू. अगबाई. ओलं आहे होय आतून? मांजर असेल. आमचं मांजर फार आगाऊ आहे, उडी मारून आमसुलाच्या साराचं भांडं... काय? कढीपत्त्याचं पान? ह्याच्या आतल्या पंख्यात अडकलंय? बरं बरं, असं दाखवू नका उचलून, दिसतंय मला. मांजर सार टेबलापर्यंत कसं नेईल, हेच ना तुमचं म्हणणं? नाही नेणार. मीच ओतलं. काल हे देवळात गेले होते तेव्हा. वाटीभर. गार करून ओतलं हो, भाजू नये म्हणून — कुणाला भाजू नये, काय बोलतेय मी! तुम्ही ह्यांना सांगणार नाही ना? सांगा ना, खाऱ्या हवेने गेला. तुमचं काय जातंय?

गेला? अगदी गेला? नीट बघून सांगा. आज नाहीच ना चालू होणार, काही केलं तरी? ... देव तुमचं भलं करो. थांबा, सोलकढी घेऊन जा, जेवूनच जा. मला सगळं माहीत आहे आता काय होईल ते. पावणेदोन झाले की ह्यांचा जीव राहणार नाही. येरझाऱ्या घालतील, पुस्तक उलटंपालटं करतील, आणि मग येतील ह्या दारात. मी ठरवूनसुद्धा ठेवलाय. चौथ्या शर्यतीतला. पुस्तक बघितलं मी सकाळी गुपचूप, नाव वाचलं आणि असं बसलं तोंडात! नाही, तुम्हाला नाही सांगायची, आधी ह्यांना. — ऐकलंत? ‘पद्मा’ म्हणाले! आले बघा, पावणेदोनसुद्धा नाही झाले. पदर ठीक आहे ना माझा? ओ, आत आहे मी! या ना! ... काय? ... चार्जर? ... मोबाइलचा. ... तिथेच असेल, खिडकीच्या फळीवर. हो. सापडला? बरं.

बाहेरूनच हात घालून घेतला, आणि गेले परत विहिरीकडे, पंपाचा प्लग आहे तिथे. सदूशी एवढं काय बोलले हे सकाळपासून? तुम्ही खाली काय बघताय? बोला की. ... मोबाइलवर? मोबाइलवर कशी जाईल ती, ती तर ह्याच्यात... थांबा. गप्प बसा जरा, विहिरीपाशी फोनवर ओरडतायत हे. ‘आली रे आली, अनीश! आली क्षिप्रा! सगळे टक्के दिसतायत!’

दिसतायत म्हणे.

नाही, बरी आहे मी. पाणी नको. तुम्ही एक कराल का? तुम्ही विचारा मला. नुसतं ‘काकू, चौथ्या शर्यतीत कोण?’ एवढंच म्हणा. त्यात लाजायचं काय, विचारा ना. ... विचारलंत. मायेने विचारलंत हो. नाही. नाही सांगत. तुम्हाला सांगून काय होणार आहे? आवरा तुमची हत्यारं, निघा. ते पान तिथेच टाका, मी काढते केर. आणि जाताना बेडं नीट लावा, गुरं शिरतात वाडीत.