पाला उकळला म्हणून सांग

हॅलो? … बोला नणंदबाई! … दुकानातच आहे गं. पण मशीन बंद. मनगट सुजलंय, उजवं, कात्रीचं… फळीवरून कापडाचा गठ्ठा पडला… अगं दाखवलं डॉक्टरांना, फोटोही काढला. हाड शाबूत आहे, नुसता मुका मार.

ते राहू दे. तुझ्या आईचं सांग… अजून नाही? प्लॅस्टर काढून पंधरा दिवस झाले, डॉक्टर म्हणतात चाला, आणि या पाऊल टेकवत नाहीत? … बोलतही नाहीत.

हं… महिनाभर घोट्याला निर्गुडीचा पाला बांधून बसल्या आणि आत हाडाला तडा निघाला, खरंय. पण म्हणून चारचौघांत ‘तुमचा झाडपाला पुरे आता’ म्हणायचं? … हो, मीच म्हणाले. तेच खातंय ना मला. चाळीस वर्षं आख्खी गल्ली सूज घेऊन त्यांच्या दाराशी यायची गं.

ऐक ना, त्यांना विचार, पाला किती गरम करायचा? … खरंच बांधायचाय. इथे दुकानामागे कुंपणाजवळचं त्यांचं झाड नुसतं माजलंय… विचार तर… काय म्हणाल्या? … भिंतीकडे तोंड. बरं.

मग असं सांग, वहिनीने पाला कुकरमध्ये उकळला. तीन शिट्ट्या… अगं नाही उकळला, तू सांग तर! आणि अंधार पडल्यावर तोडला म्हणावं, झाडाला न विचारता… माहीत आहे गं, विचारल्याशिवाय तोडला तर गुण येत नाही. म्हणून तर सांगतेय. सांग.

हॅलो? … कोण ओरडतंय तिकडे?

आई? … हो… हो, तीन… बरं, पाणी अजिबात नाही. तव्यावर नुसता मऊ पडेपर्यंत… सुती फडकं… हो, अंधारात झाड झोपलेलं असतं. चुकलंच… उरलेली पानं उशीखाली? डोकं जड झालं तर, बरं… काय? … हो आई, आधी डॉक्टर. फोटो काढला, हाड मोडलेलं नाही.

… तुम्ही विचारलंत, बरं वाटलं.

आई, त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं… नाही, ऐका. हाडाला डॉक्टर हवा, कबूल. पण सुजेला मला तुम्हीच हव्या आहात.

आई? … हॅलो?

अगं तू? आई कुठे गेल्या? … दाराशी? चालत? … चप्पल शोधतायत? … इकडे यायला? माझं मनगट बघायला?

… काय म्हणाल्या? मनगट थांबेल, आधी झाडाची समजूत काढायचीय?

अगं मग रडतेस काय, चप्पल दे ना शोधून… नको, हात नको धरूस, चिडतील. नुसती मागे मागे चाल… हो. ठेव.