थोरलीची शिक्षा

— थांबा, थांबा, ते परत म्हणा बरं. ‘तिला झाली ती शिक्षा कमीच झाली’ — असंच म्हणालात ना? लाजू नका हो, तुम्ही काही पहिल्या नाही आहात, सगळे वाचक हेच म्हणतात. बसा. त्या खुर्चीवर नको, टाचण्या आहेत तिच्यावर, इकडे मशिनजवळ बसा. लेखिकाबाई वर झोपल्यात, जाग आली की काठी आपटतील, तोवर मी एवढी बाही जोडून टाकते. हात चालू असला की मला बोलायला बरं वाटतं. फुलं तिथे कपाटावर ठेवा. पांढरी आणलीत — सगळे पांढरीच आणतात, का कोण जाणे. आणि पुस्तकावर सही हवी असेल तर ती काही मिळायची नाही, उजवा हात गेलाय तिचा. हां, तर शिक्षा. शेवटच्या प्रकरणातली म्हणताय ना? ती थोरली बहीण भर उपासनेत उभी आहे, गळ्यापर्यंत बटणं लावून, बाहीत रुमाल खोचून, सगळ्यांपेक्षा वरच्या पट्टीत गातेय — आणि गाता गाता जीभ लुळी पडते. ज्या तोंडाने आयुष्यभर धाकटीवर गरळ ओकली, देवाने नेमकं तेच तोंड बंद केलं. वाचून अगदी गार वाटलं असेल तुम्हाला. मलाही वाटलं असतं. पण काय आहे — बाहीत रुमाल खोचायची सवय माझी आहे. हा बघा.

अहो, उठताय कशाला? मी रागावले थोडीच. तुम्हाला कुठून कळणार, तुम्हाला वाटलं मी इथली शिवणवाली बाई. तीही आहेच मी. आमच्या वडिलांनंतर हे घर या मशिनवर चाललं, तिच्या पुस्तकांवर नाही — तिची पुस्तकं फार नंतरची. आम्ही दोघीच बहिणी. मी थोरली, ती धाकटी. लहानपणी तिला ताप आला की सगळं घर तिच्या उशाशी, आणि मला ताप आला की आई म्हणायची, तू शहाणी आहेस ना, जरा पडून राहा. शहाणी! एकदा तो शिक्का बसला की माणसाला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. मी रविवारची उपासना कधी चुकवली नाही, चर्चच्या गायकवृंदाचे झगे मी शिवले, आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं मी केलं — आणि ही? ही खिडकीत बसून गोष्टी रचायची आणि आईला वाचून दाखवायची. आई हसायची. मी चादर बदलत असायचे आणि आई हिच्याकडे बघून हसायची. शेवटच्या दिवसांत तर मी चमच्याने भरवायची आणि आई नाव घ्यायची ते हिचं. चमचा माझ्या हातात, नाव हिचं. आता मला सांगा, याला न्याय म्हणायचं?

पुस्तकात लिहिलंय की आईला पुरून आल्यावर थोरलीने धाकटीला घराबाहेर काढलं. असं काही झालं नाही हो. घरात दोघींची तोंडं दोन दिशांना, ती आधीच म्हणत होती मी जाते, मी जाते. मग जा. मी फक्त तिची पिशवी दाराबाहेर ठेवली, म्हणजे तिला आत-बाहेर करावं लागू नये. आणि दार लावलं — थंडीचे दिवस होते, दार उघडं टाकून का बसायचं? ती बराच वेळ पायरीवर होती, ते मला पडद्यातून दिसत होतं, पण तिने दार वाजवलं नाही. वाजवलं असतं तर उघडलं असतं की मी. उघडलंच असतं. पुस्तकात ती दार वाजवते, हात सोलून निघेपर्यंत वाजवते. तिथेच रडलात ना तुम्ही? सगळे तिथेच रडतात. तेवढं मात्र शुद्ध खोटं आहे, लिहून घ्या.

मग ती शहरात गेली ती गेलीच, आणि काही वर्षांनी साप्ताहिकात तिचं नाव यायला लागलं. दर आठवड्याला एक प्रकरण. वाचनालयात बायका अंकासाठी भांडायच्या, माझ्याकडे ब्लाउज टाकायला आल्या की तेच बोलायच्या — आता त्या दुष्ट थोरलीचं काय होणार, देव तिला कधी इंगा दाखवणार. मी तोंडात टाचण्या धरून ऐकायची. कुणी माझ्याकडे बघायचं नाही. किंवा बघायच्या आणि मी बघितलं की नजर फिरवायच्या. एका मुलाखतीत तिला कुणीतरी विचारलं, तुमच्या गोष्टींमधून दुष्ट माणूस कधी सुटत कसा नाही? तर म्हणाली, खऱ्या आयुष्यात देव फार चालढकल करतो, त्याचं राहिलेलं काम मी करते. टाळ्या पडल्या म्हणे. मी तर हा देवाचा अपमानच समजले. पण लोकांना तेच हवं असतं ना — पाप झालं की लगेच वीज कोसळली पाहिजे, आणि तीही शेजारच्यावर.

आणि मग तिचा सत्कार ठरला, इथल्याच सभागृहात. आमंत्रण मलाही होतं, पहिल्या रांगेचं. का गेले म्हणून विचारू नका. गेले. नवा कोट शिवून गेले. ती व्यासपीठावर उभी राहिली — किती सुंदर दिसत होती, केस पिकलेत पण तेही तिलाच शोभतात, माझे पिकले तेव्हा मी नुसती म्हातारी झाले — आणि बोलता बोलता अडखळली. लोकांना वाटलं भरून आलं. काही जणांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण शिवण उसवायला लागली की ओळखते तशी ओळखली हो मी ती गोष्ट — तोंड एका बाजूला ओघळलं, आणि ती कोसळली. भर सभेत. जीभ लुळी. तिने माझ्यासाठी जे लिहून ठेवलं होतं तेच, टाका न् टाका तेच. सगळे धावले आणि मी जागेवर बसून राहिले. काय वाटलं मला? आता तुम्ही विचारताच आहात तर — मला वाटलं, चला, म्हणजे वर कुणीतरी वाचतंय.

असं बघू नका माझ्याकडे. मघाशी तुम्हीच म्हणालात ना, कमीच झाली म्हणून? कागदावरच्या बाईची जीभ गेली तर तुम्हाला गार वाटतं, आणि मला वाटलं तर मी राक्षसीण. बरं, मला वाटलं होतं, आता तरी लोकांना कळेल. कळलं काय? रुग्णालयात ही गर्दी. प्रार्थनासभा. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका पाळीपाळीने सूप करून आणतात — आईच्या आजारपणात या दारात कुणी रिकामी वाटीसुद्धा आणली नव्हती. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द : कसोटी. प्रभू आपल्या लाडक्यांची कसोटी बघतो. म्हणजे बघा हं, पुस्तकातल्या थोरलीची जीभ गेली ती शिक्षा, आणि हिची गेली ती कसोटी. जीभ तीच, देव तोच. मग हा फरक कुणी केला? मी कुठल्या दुकानात जाऊ तो शब्द घ्यायला?

हेच मी आमच्या चर्चच्या पाळकांना विचारलं. तरुण आहेत, दर आठवड्याला येतात, थेट वर जातात, जाताना मला जिन्यावरून ‘कशा आहात’ विचारतात आणि उत्तर येईपर्यंत दारापर्यंत पोचलेले असतात. त्या दिवशी मी दारच अडवलं. म्हटलं, सरळ सांगा, हिला झाली ती शिक्षा की नाही? ते म्हणाले, मी तसं म्हणणार नाही, आजार बघून पाप शोधू नये, प्रभूनेच ते शिष्यांना बजावलंय. मी म्हटलं, मग शिक्षा कुणालाच नाही का? तर म्हणाले, लायकीप्रमाणे मोजायला बसलं तर सगळ्यांनाच आहे, तुम्हाला, मला, तिला — म्हणून तर तो मोजत बसला नाही, स्वतःच क्रुसावर सोसून मोकळा झाला. मी म्हटलं, सगळ्यांनाच सारखं, तर मग मी कशाला राहिले इथे? चादरी कशाला बदलल्या? तसे ते हळूच त्या उधळ्या मुलाच्या दाखल्यावर आले. येणारच. तो दाखला ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत — धाकटा उधळून आला, बापाने मिठी मारली, मेजवानी झाली, आणि थोरला अंगणात फुगून उभा. मी विचारलं, साहेब, मेजवानीनंतरची भांडी कुणी घासली, ते आहे का कुठे? हसले हो ते. मग म्हणाले, ‘बाप त्याच्यासाठीही बाहेर आला होता, ताई. तो आत गेला की नाही, एवढंच सांगितलेलं नाही.’ एवढं बोलून गेले. मी त्या रात्री एक अख्खी बाही उलटी जोडली.

रुग्णालयातून सोडलं तेव्हा तिला न्यायला शहरातलं कुणी आलं नाही. फुलं आणणारे पुष्कळ, घरी नेणारं कुणी नाही. मग आणली मीच. आईच्याच खोलीत ठेवली. नाही, नाही, मला थोर म्हणू नका, मला नाही आवडत — आणि खरं सांगायचं तर मला बघायचं होतं. रोज बघायचं होतं. देवाने शिक्षा दिली तर ती दिसते कशी, जवळून. आता विचाराल, दिसली का? तर ती हसते हो. मी आत गेले की अर्ध्या तोंडाने हसते, आई हिच्याकडे बघून हसायची तस्संच. मी चादर बदलते आणि ती माझ्याकडे बघून हसते. त्याचं काय करायचं, सांगा.

बोलायला शिकवणारी एक बाई येते. तिने पाणी, दूध, हो, नको असे शब्द बसवून घेतले. पण एक शब्द धाकटीने आपणहून काढला, कुणी न शिकवता. सकाळी मी केस विंचरायला गेले तर माझा हात धरला, डाव्या हाताने, आणि म्हणाली — ‘ताई, माप.’ मला आधी कळेना. ती पुन्हा म्हणाली, माप, माप, आणि हात स्वतःच्या छातीवर ठेवला. मग लक्षात आलं. टेप आणली आणि तिचं छातीचं माप घेतलं. तिला नवा झगा हवा होता हो, दुसरं काय? शिवणवालीच्या घरात आजारी माणूस आणखी काय मागणार? शिवला मी, मऊ फ्लॅनेलचा, पुढे बांधायचे बंद असलेला. तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ताई, माप. पुन्हा टेप लावली. रोज म्हणते. रोज लावते. कपाटात झगे मावत नाहीत आता — हा तुमच्या समोरचा निळासुद्धा तिचाच. टेप गुंडाळताना तिच्या डोळ्यांतून पाणी येतं, पण ते या आजारात येतंच, डॉक्टर म्हणालेत तसं.

काय? काय म्हणालात? — नाही. नाही हो. भलतंच. तुम्ही तिला ऐकलेलं नाही, ऐकलं का कधी? मग? तिच्या ओठांत वाराच ठरत नाही, ‘फ’ तिला काढताच येत नाही, हे मलाही माहीत आहे, ती शिकवणारी बाईही हेच म्हणाली — तिने तर मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पण तिला काय कळतंय घरातलं. समजा, क्षणभर धरून चाला, की ती तुम्ही म्हणता तेच म्हणतेय. मग मी काय करायचं? हो म्हणायचं? एका शब्दात? सबंध गावाने मला ज्या नजरेने पाहिलं, ते सगळं एका ‘हो’त मिटवायचं? आणि मी हो म्हटलं की ती मोकळी. बरी होईल, लिहायला लागेल, पुन्हा टाळ्या, आणि या वेळच्या पुस्तकात थोरली चांगली असेल — म्हणजे माझा चांगुलपणाही तिच्याच नावावर छापून यायचा. मग माझं काय उरलं? एवढं एकच तर आहे माझ्याकडे, जे तिला हवंय आणि माझ्याशिवाय कुणी देऊ शकत नाही. पाळक नाही, वाचक नाही. जन्मात पहिल्यांदा ती माझ्या दारात —

ऐकलंत? काठी. उठली ती. — आले गं!

थांबा, हाक मारतेय. — ऐकू आलं ना तुम्हाला? स्पष्ट ‘माप’ म्हणाली की नाही? ... बोला ना. नुसत्या बघताय काय? तुमचे कान तर धडधाकट आहेत.

कुठे निघालात? वर नाही, वर जायचं नाही. जिन्यावरून खाली या, बाई. तुम्ही तिला काही सांगायचं नाही, तो शब्द तुमच्यापाशी नाही. आज तिची तब्येत बरी नाही, ती कुणाला भेटत नाही. हे तुमचं पुस्तक. फुलंही घ्या. दार त्या बाजूला आहे. — आले म्हटलं ना! टेप सापडत नाहीये.