डावी बाजू

ग्रेडी: बसू, की उभ्यानंच सांगणार आहात?

कोच: बस, ग्रेडी. दार लोटून घे.

ग्रेडी: सुट्टीच्या दिवशी बोलावलंत, म्हणजे गप्पा मारायला नसणार. 'येताना डावपेचांचा टॅबलेट जमा कर' असा निरोप नव्हता, म्हणून अजून गाशा गुंडाळलेला नाही.

कोच: तुला काढत नाहीये. बाकावर ठेवतोय. रविवारी बुकर खेळणार.

ग्रेडी: बुकर? सहा महिन्यांपूर्वी कॉलेजात परीक्षा देत होता तो.

कोच: आणि तू अकरा वर्षं क्वार्टरबॅक आहेस. पहिल्या चार सामन्यांतले दोन तरी जिंकलो होतो. नंतरचे चारही गेले. प्रत्येक डावात चेंडू तुझ्या हातात येतो, पुढे कुणाकडे जायचा ते तू ठरवतोस. मग लोक नाव कुणाचं घेणार? पाणी देणाऱ्याचं?

ग्रेडी: लोकांचं सोडा. तुमचं मत काय?

कोच: माझं मत ऑल्ड्रिजबाईंनी काल ऐकून घेतलं. संघ त्यांचा. म्हणाल्या, साठ हजार माणसं बुकरच्या नावानं ओरडतायत आणि तुम्ही कानात बोळे घालून उभे. मी म्हटलं, ग्रेडीला आणखी दोन सामने द्या. त्या म्हणाल्या, रविवारी बुकरला उतरवा, नाहीतर तुमच्या जागी कोण आलाय ते सोमवारी टीव्हीवर बघा.

ग्रेडी: सात वर्षांपूर्वी तेव्हाच्या क्वार्टरबॅकला, पर्डीला बसवून मला उतरवलंत, तेव्हाही असंच झालं होतं. पहिला सामना जिंकलो, गावानं डोक्यावर घेतलं. पुढचे चार हरलो, ते कुणाला आठवतही नाही.

कोच: मला आठवतं. क्वार्टरबॅक बदलला की घराला रंग दिल्यासारखं असतं. आठवडाभर सगळे खूश. मग पाऊस आला की छप्पर तिथंच गळतं.

ग्रेडी: मग हे त्यांना सांगायचं ना.

कोच: सांगितलं असतं. पण आधी हे पडद्यावर बघ. परवाचा सामना, तिसरा डाव. मी घड्याळ लावून मोजलंय. चेंडू हातात आल्यावर तू किती वेळ धरलास?

ग्रेडी: दोन सेकंद.

कोच: पावणेदोन. हा बघ मॅकनील, उजवीकडे एकटा सुटलाय. अजून एक सेकंद थांबला असतास तर सरळ टचडाउन, सहा गुण. तू फेकलास कुठे? समोरच्या गर्दीत. पुढचा डाव, तेच. त्याच्या पुढचा, तेच. गेल्या वर्षी अंगावर माणूस येईपर्यंत तू जागचा हलायचा नाहीस. काय झालंय तुला?

ग्रेडी: काही नाही.

कोच: मार खायची भीती वाटायला लागलीय का? चौतिसाव्या वर्षी वाटली तर मी हसणार नाही. फक्त माझ्या तोंडावर सांग.

ग्रेडी: वाटत असेल.

कोच: असेल?

ग्रेडी: वाटते. घाबरतो मी. झालं?

कोच: नाही झालं. तुझ्याकडून हे ऐकायचं नव्हतं मला. वाईट वाटलं.

ग्रेडी: पत्रकारांना कधी सांगताय?

कोच: तीन वाजता. आठवडाभर तू बुकरला तयार कर. करशील ना?

ग्रेडी: करीन. पण माझी एक अट आहे. तो चेंडू फेकणार असेल त्या प्रत्येक डावात डावीकडे एक जास्तीचा माणूस उभा करा.

कोच: डावीकडे? डावीकडे मोसेसे आहे.

ग्रेडी: माहितीय.

कोच: अरे, दीडशे किलोचा गडी. सात वर्षं तुझी पाठ राखलीय त्यानं. फेकायला वळलास की डावीकडून कोण येतंय ते तुला दिसत नाही, म्हणून तर सगळ्यात भरवशाचा माणूस तिथे ठेवलाय. त्याला कशाला मदतनीस?

ग्रेडी: पोरगा नवीन आहे म्हणून.

कोच: नवीन पोराला दोन्ही बाजू नवीन. उजवीकडे का नको?

ग्रेडी: कोच, मी अट सांगितली. तेवढी पाळा.

कोच: उजवीकडे का नको, ग्रेडी?

ग्रेडी: बुकर चेंडू धरून ठेवतो. कॉलेजातली सवय. कुणीतरी मोकळा होईल म्हणून तीन-तीन, चार-चार सेकंद उभा राहतो. पाठीमागून आदळला कुणी तर त्याचा मणका जाईल.

कोच: थांब जरा. मागे घेतो. हा फेकीचा डाव. हा धावायचा. हा परत फेकीचा. डाव सुरू व्हायच्या आधी मोसेसेचा डावा हात बघ. धावायच्या डावाला पुढे मुसंडी मारायची असते, तेव्हा मूठ जमिनीत रुतवून बसतो. फेकीला नुसती बोटं टेकवतो, हातावर भार घेतच नाही.

ग्रेडी: मी त्याचं नाव घेतलेलं नाही.

कोच: खांदा?

ग्रेडी: मी त्याचं नाव घेतलेलं नाही, कोच.

कोच: म्हणजे आपण फेकणार की पळणार, हे समोरच्यांना चेंडू हलायच्या आधीच कळतंय. आणि फेकीला त्याच्याच अंगावर दोन-दोन माणसं सोडतायत. आम्ही पाच प्रशिक्षक या खोलीत बसून तुझे पाय बघतोय, तुझी नजर बघतोय. आपल्याच माणसाच्या हाताकडे एकानंही बघितलं नाही.

ग्रेडी: समोरच्यांनी बघितलं.

कोच: आणि तू. चार आठवडे माहीत असून तोंडात गुळणी धरून बसलास.

ग्रेडी: डॉक्टरनं खांदा बघितला की त्याचं खेळणं संपलं. तेहतीस वर्षांचा आहे तो. म्हणाला, एवढा सीझन ओढू दे. मी म्हटलं, ठीक आहे, मी चेंडू लवकर फेकतो, निभावून नेऊ.

कोच: निभावलं?

ग्रेडी: नाही. पण शिव्या मला बसत होत्या, त्या मला झेपत होत्या. तुम्ही बुकरचं नाव घेतलंत तेव्हा कळलं, आता मार त्याला बसणार. चुकलो मी.

कोच: चुकलासच. आणि हेही ऐकून ठेव. निर्णय बदलत नाही. बाईंनी सकाळीच टीव्हीवाल्यांना परस्पर सांगून टाकलंय. रविवारी बुकरच. मोसेसे आजच्या आज डॉक्टरकडे, त्याच्या जागी दुसरा.

ग्रेडी: म्हणजे माझी जागा गेली ती गेलीच.

कोच: गेलीच. गोड बोलून पाठवता आलं असतं, पण तुला ते आवडलं नसतं.

ग्रेडी: मोसेसेला फोन मी करतो. तुमच्याकडून कळायला नको.

कोच: इथूनच कर. मी बाहेर थांबतो.

(कोच बाहेर जातात. ग्रेडी मोसेसेला फोन लावतो.)

मोसेसे: बोल रे. पोरींना घेऊन तळ्यावर आलोय. मासा एक नाही, थंडी मात्र भरपूर.

ग्रेडी: मी कोचच्या खोलीत आहे. रविवारी बुकर खेळतोय.

मोसेसे: काय? डोकं फिरलंय का त्यांचं? थांब, मी येतो. पुढच्या फळीतल्या बाकीच्या चौघांनाही घेऊन येतो. ग्रेडी नसेल तर आम्ही उभे राहणार नाही म्हणून सांगतो.

ग्रेडी: मोसेसे, ऐक. कोचना खांद्याचं कळलंय.

मोसेसे: कुणी सांगितलं?

ग्रेडी: मी.

मोसेसे: तू?

ग्रेडी: नाव घेतलं नाही. पण मीच सांगितलं असं धर.

मोसेसे: जागा वाचवायला सांगितलंस?

ग्रेडी: जागा आधीच गेली होती.

मोसेसे: मग मिळवलंस काय? चार आठवडे गप्प राहिलास. आणखी दोन महिने राहवलं नाही?

ग्रेडी: तुझ्या बाजूनं माणूस येणार हे मला माहीत होतं. मी चेंडू फेकून मोकळा होत होतो. त्या पोराला काही माहीत नाही. तो तुझ्या भरवशावर पाठ करून उभा राहणार.

मोसेसे: त्यालाही सांगायचं, लवकर फेक म्हणून.

ग्रेडी: मग तोही माझ्यासारखाच हरेल. फटाका फुसका निघाला असं म्हणून फेकून देतील त्याला, आणि आणखी कुणाला तरी आणतील. तुझा खांदा तिथंच.

मोसेसे: पोरींनो, गळ धरा जरा.

ग्रेडी: आहेस का? शिव्या दे हवं तर, पण बोल.

मोसेसे: मी स्वतःच जाऊन सांगणार होतो असं म्हटलं, तर पटेल तुला?

ग्रेडी: नाही.

मोसेसे: बरोबर. नसतंच सांगितलं मी.

ग्रेडी: डॉक्टर आजच बघणार आहेत. येतोस ना?

मोसेसे: येतो. आज सकाळी माझे केस धाकटीनं बांधले, ग्रेडी. हात डोक्यापर्यंत जातच नव्हता. तिला वाटलं, बाबा आपल्याशी खेळतायत.