सत्तावीस नंबरचा कॉड

पुरवणी जबाब, दिनांक ९ नोव्हेंबर

मी ग्रॅहम नोस्के, वय ४९ वर्षे, काम नदीतील देशी माशांची पाहणी व नोंदी, राहणार वॉलारा बेंड, मरे नदीकाठ. ठाण्यात आपण होऊन हजर राहून सांगतो की,

१४ ऑक्टोबरला सकाळी सहा वाजता प्रार्थना करून मी होडी पाण्यात ढकलली. सत्तावीस नंबरचा मरे कॉड, या नदीतला मोठा देशी मासा, नर, चार वर्षांपूर्वी मीच पकडून, पोटात टिकटिकणारे यंत्र शिवून सोडला होता. ती टिकटिक होडीतल्या अँटेनावर ऐकू येते. सप्टेंबरअखेरीपासून तो एका बुडालेल्या ओंडक्याच्या पोकळीत अंडी राखत होता. या दिवसांत कॉड धरायला बंदी आहे.

त्या सकाळी ओंडक्यापाशी आवाज नव्हता. कॅमेरा खाली सोडला. अंडी मरून पांढरी पडली होती, राखणारा नव्हता. अँटेना फिरवली, तर आवाज जमिनीकडून आला. होडी बांधून, अँटेना हातात घेऊन त्यामागे चालत गेलो. माझे थोरले भाऊ विल्फ नोस्के यांच्या कोंबड्यांच्या आवारात आवाज सर्वांत मोठा झाला. तेथे माशाच्या आतड्यांत यंत्र सापडले. ते आज हजर केले आहे.

भाऊ मागल्या दारात उभे होते. मासा कुठे, असे विचारले.

"कोंबड्यांना विचार. शेवटचं त्यांनीच खाल्लंय."

"दादा, तो अंड्यांवर होता."

"बाबा या दिवसांत कॉड आणायचे तेव्हा शेपटीचा तुकडा पहिला तूच ओढायचास. आणि ओंडक्याची जागा मला सांगितली कुणी?"

हे खरे आहे. रविवारच्या जेवणावर मीच सांगितली होती.

त्याच दुपारी मी या ठाण्यात अज्ञात इसमाविरुद्ध तक्रार दिली. तेव्हा यंत्र माझ्या खिशात होते.

पुढे नदीकाठी तंबूत राहणारे टेरी मॅगी, वय ७१, यांच्यावर संशय येऊन त्यांची होडी व गळ जप्त झाले. गेल्या रविवारी चर्चच्या दारात भाऊ चारचौघांत मला म्हणाले, "तुझा मासा त्या तंबूवाल्यानंच खाल्ला. सांग की सगळ्यांना." मी आत जाऊन मागच्या बाकावर बसलो. मनात खोटे ठेवून घेऊ नये, म्हणून त्या दिवशी मी प्रभुभोजनाची भाकर घेतली नाही.

आज सकाळी भावाच्या घरी जाऊन, ठाण्यात निघालो आहे, असे सांगितले. ते म्हणाले, "एका माशापायी? जा. पण बाबांच्या थडग्यापाशी पुन्हा माझ्या शेजारी उभा राहू नकोस." त्यांच्या शेडची किल्ली माझ्याकडे होती. ती त्यांनी मागून घेतली.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो उतरला आहे. १४ ऑक्टोबरच्या तक्रारीत जेथे 'अज्ञात इसम' लिहिले आहे, तेथे विल्फ नोस्के असे वाचावे. त्याखाली, जागा दाखवणारा म्हणून, माझे नाव घालावे.

सही
ग्रॅहम नोस्के