उतारावर पसरलेलं जाळं

माझा जन्म शिरगावचा, समुद्राकाठचा. घरामागे नुसती वाळू, अशी सपाट की उतार मला ठाऊक होता तो होडी पाण्यात लोटायचा तेवढाच. लग्न झालं तेव्हा बोईसरला नवे नवे कारखाने येत होते, आमच्या ह्यांना तिथं काम लागलं, आणि का लागलं ते ऐका, कोळ्याचा मुलगा आणि होडीत पाय ठेवला की ओकायचा. हसा, हसा, मी पण हसते, त्यांच्या तोंडावर हसते. समुद्र डोळ्याला नको म्हणून घर बांधलं ते सफाळ्याला, डोंगराच्या पायथ्याशी.

घर चांगलं, पण मागचं परस, काय सांगू तुमाला, परस म्हणजे घसरगुंडी. कोंबडी वर दाणे टिपायला लागायची नि टिपत टिपत खाली न्हाणीशी यायची.

मंजुळा त्याच घरात झाली. माझी पहिली. दात यायच्या आधीच तापाने गेली. एवढ्या लहान लेकराला आमच्यात जाळत नाय, पुरतात. ह्यांनी तिला परसाच्या वरच्या अंगाला, जांभळीखाली ठेवलं, वर एक दगड ठेवला, खाली आले, पाय धुतले, आणि त्या दिवसापासून तिचं नाव घेतलं नाय. मी पण नाय घेतलं. घरात आमी दोघंच, बोलायचो ते मिठाचं, रॉकेलचं.

पुढच्या पावसाळ्यात वरची माती खाली यायला लागली, लाल पाणी थेट न्हाणीत. मी रोज जांभळीकडे बघायची. मुळं उघडी पडलेली, दगड कलंडलेला. मनात एकच, माझी पोर वाहून खाली येईल. हे बोलायचं कोणाशी?

पाऊस सरला तशी मी उतारभर खड्डे केले, केळी लावली, अबोली लावली, गवती चहा लावला. मुळं धरतील, माती थांबेल. आणि आता माझी अक्कल ऐका. किनाऱ्यावर आमी नारळाच्या बुंध्याशी कुटी घालतो, सुक्या मासळीचा चुरा. मी माहेराहून पिशवी भरून आणली नि खड्ड्याखड्ड्यात मूठ मूठ घातली. अहो, अख्ख्या सफाळ्याची कुत्री पंगतीला आली! एक तर केळीचा कोंब तोंडात धरून असा मिरवत निघाला, जसा वरातीतला नवरा. सगळा उतार उकरला. मी काठी घेऊन जांभळीखाली जाऊन बसले. खालचं काय ते खा मेल्यांनो, वर यायचं नाय. आणि वर नाय आली, ती देवाचीच दया.

ह्यांनी ते बघितलं नि डोकं फिरलं. म्हणाले, बस झालं, बोईसरहून बुलडोझर आणतो, सगळं सपाट करतो, लादी घालतो. मी विचारलं, सगळं? म्हणाले, सगळं. पण माझ्याकडे बघितलं नाय.

मी उठले ती शिरगावला गेले. बाबाला म्हटलं, परसात माती राहत नाय. पोरीचं काय बोलले नाय, पण बाबा समजला. नायलॉन आल्यापासून त्याचं सुती जाळं माळ्यावर पडून होतं, ते खाली ओढलं. म्हणाला, हे उतारावर आडवं पसर, खुंट्या मार, भोकाभोकातून गवत लाव. मी म्हटलं, बाबा, हे तर कुजेल. म्हणाला, कुजू दे गो बाय, तवर मुळं आपलं जाळं विणतील.

मी जाळं पसरलं, आणि पसरलं ते समुद्रातल्यासारखं, तरंगायच्या बोया वर, बुडायचा भार खाली. दुसरं येतंय कुठं मला? वाटेवरच्या बाया ओरडायच्या, काय गो कोळणी, आज डोंगरात काय लागलं? मी म्हणायची, पापलेट लागलंय, टोपली घेऊन ये.

आणि गवत नीट धरायच्या आधीच बुलडोझर दारात. चालवणारा लालजी, ह्यांच्या ओळखीचा. म्हणाला, भाभी, जाल हटाओ. मी म्हटलं, जिसने बुलाया उसको बोल. मग हे स्वतः उतार चढले. एक एक खुंटी उपटत जांभळीपर्यंत गेले नि तिथं थांबले. मंजुळेच्या दगडाभोवती मी जाळं कापून किनार शिवली होती, झबल्याच्या गळ्याला शिवतात तशी. दगड मधे मोकळा. ह्यांनी चपला काढल्या. वरूनच म्हणाले, लालजी, बंद कर रे. इथं आमची मंजुळा झोपलीय.

लालजीला मराठी येत नव्हतं. तरी त्याने मशीन बंद केलं.

उपटलेल्या खुंट्या ह्यांनीच परत ठोकल्या. पुढे सुट्टी असली की ओढ्यातले दगड आणायचे, उताराला आडवे बांध रचायचे. चार हात माती, एक बांध, परत माती. वरच्या बांधाला गवती चहा, मधे अबोली, पाणी जमतं तिथं खाली अळू नि केळी. मागून दोन मुलगे झाले, ते त्याच बांधांवर चालायला शिकले, पडले, उठले, मोठे झाले.

आता जाळं शोधाल तर बोटभर दोरी मिळायची नाय. माती हाय तिथंच हाय. हे रोज संध्याकाळी तांब्या घेऊन वर जातात, मला सांगून जातात, मंजुळेकडे जाऊन येतो. तुमी आता प्यालात तो चहा तिच्याच दगडाजवळचा. जाताना पात न्या, हवी तेवढी न्या, तुमच्या लेकराबाळांना उदंड आयुष्य लाभो. मुळासकट मात्र मागू नका. मुळं मी कोणाला देत नाय.